वीज, जमीन आणि कायद्याचा अभ्यास

(धुळे येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मला आपल्यासमोर माझ्या कामाविषयी बोलण्यास सांगितले आहे. माझे शिक्षण कायद्याचे आहे, परंतु मी न्यायालयात उभी राहत नाही. वीज, जमीन आणि हवामान यांसंबंधीचे कायदे, नियम, शासन निर्णय व करार वाचणे, त्यांत कोणाचा फायदा आणि कोणाचा तोटा होतो हे शोधणे आणि ते सोप्या भाषेत लिहून संबंधितांपुढे मांडणे हा माझा व्यवसाय आहे. असला व्यवसाय असतो हे मलाही विशीपर्यंत ठाऊक नव्हते. गावी गेले की म्हातारी माणसे विचारतात, "बेटा, तू वकील ना? मग तुझा काळा कोट कुठे?" त्यांना मी सांगते, "आबा, भांडण कोर्टात जाण्याआधी कागदावर जन्माला येते. मी त्या जन्माच्या ठिकाणी काम करते."

एका बिलापासून सुरुवात

माझ्या वडिलांची चोपडा तालुक्यात थोडी बागायत होती. विहिरीवर तीन अश्वशक्तीचा पंप होता, मीटर नव्हते. अशा जोडणीचे बिल पंपाच्या अश्वशक्तीवर येते, हे आपणांस माहीत आहेच. मी बारावीत असताना सहज एक बिल वाचले. त्यावर पाच अश्वशक्ती लिहिले होते. म्हणजे पाच रुपयांतले दोन रुपये आम्ही नसलेल्या पंपासाठी भरत होतो, आणि तेही कित्येक वर्षे. वडील दोन-तीनदा कार्यालयात जाऊन आले. उत्तर एकच मिळाले, "आमच्या कागदावर पाचच आहे."

शेवटी घरातल्या पत्र्याच्या पेटीत जोडणी घेतानाचा चाचणी अहवाल सापडला. त्यावर तीन अश्वशक्ती स्वच्छ लिहिलेले होते. त्याची प्रत जोडून अर्ज केला, पोच घेतली आणि काही महिन्यांनी दुरुस्ती झाली. वडील खोटे बोलत नव्हते, पण त्यांच्या शब्दाला किंमत आली ती पेटीतल्या कागदामुळे. तो धडा मी विसरले नाही.

आज शासनाने एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल माफ करण्याची योजना आणली आहे, म्हणून हा आकडा बिनमहत्त्वाचा झाला असे समजू नये. विहिरीवर साडेसातचा पंप आणि कागदावर दहाचा, असे असेल तर आपण योजनेच्या बाहेर राहतो. आपली जोडणी कागदावर किती अश्वशक्तीची आहे, हे या आठवड्यात अवश्य पाहावे.

ही वाट आधी कोणी पाडली?

महाराष्ट्रात विजेचे कागद वाचण्याची परंपरा एन्रॉन कंपनीच्या दाभोळ प्रकल्पापासून ठळक झाली. १९९३ साली राज्य वीज मंडळाने या प्रकल्पाशी वीज खरेदीचा करार केला. करार मोठा आणि किचकट होता. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यावे लागतील आणि देणे डॉलरच्या दराशी बांधलेले राहील, अशा त्यातील अटी होत्या. पुण्याच्या प्रयास संस्थेतील गिरीश संत, शंतनु दीक्षित व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या अटींचा हिशेब मांडून हे ओझे मंडळाला व ग्राहकांना पेलणार नाही, असे दाखवून दिले. ही मंडळी मोर्चे काढणारी नव्हती. आकडे आणि कलमे मांडणारी होती. पुढे २००१ साली प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी माधव गोडबोले समितीने या व्यवहारावर कडक अहवाल दिला. गिरीश संत २०१२ साली अकाली गेले, पण त्यांनी घालून दिलेली शिस्त अनेकांनी उचलली.

१९९९ साली महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला आणि २००३ साली नवा वीज कायदा आला. त्या कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे दरवाढीचा प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या सूचना व हरकतींचा विचार करूनच निर्णय द्यावा लागतो. कलम ९४ प्रमाणे आयोग ग्राहकांची बाजू मांडण्यास प्रतिनिधी नेमू शकतो. अशी हरकत कोणीही शेतकरी मराठीत देऊ शकतो. आपल्या भागातून अशा हरकती फार थोड्या जातात. कारखानदारांच्या संघटना मात्र तयारीनिशी हजर असतात. मग शेतीपंपांची बाजू मांडायला कोण राहिले?

खानदेशची वीज

आपला भाग विजेच्या नकाशावर नवा नाही. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक केंद्र साठच्या दशकापासून उभे आहे. कोळशाची राख आणि धूर आसपासच्या गावांनी सोसला, वीज राज्याने वापरली. २००० नंतर साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यासाठी काही वनजमीनही वापरली गेली आणि ती कसणाऱ्या आदिवासींच्या हक्काचा प्रश्न निर्माण झाला. २०१३ साली साक्री तालुक्यातच शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. आता उपकेंद्राजवळच्या जमिनींसाठी गावोगावी माणसे फिरत आहेत.

मी सौर किंवा पवन विजेच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करते. हवामान बदलाचा मार शेतकऱ्याइतका कोणालाच बसत नाही. रावेर-यावलच्या केळीला एप्रिल-मे महिन्यांत उष्णतेचा तडाखा बसतो, हिवाळ्यात थंडीचा. कोळसा कमी जळावा यात आपलाच स्वार्थ आहे. शिवाय दिवसा वीज मिळाली तर रात्री साप-विंचवाच्या भीतीत बारे देणे चुकेल. परंतु वीज स्वच्छ आहे म्हणून व्यवहारही स्वच्छ असेलच असे नाही. ते आपोआप होत नाही, त्यासाठी कागद वाचावा लागतो.

विखरणचा धडा

शिंदखेडा तालुक्यातील विखरणचे धर्मा पाटील हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. दोंडाईचा परिसरातील महानिर्मितीच्या वीजप्रकल्पासाठी त्यांची पाच एकर जमीन संपादित झाली. पुढे त्या जागी सौर प्रकल्प ठरला. त्यांना मोबदला मिळाला सुमारे चार लाख रुपये. आपली विहीर व आंब्याची झाडे हिशेबात धरली नाहीत आणि शेजारच्या जमिनीला कितीतरी जास्त रक्कम मिळाली, ही त्यांची तक्रार होती. ऐंशी वर्षे ओलांडलेला हा माणूस कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिला. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचे निधन झाले. त्यानंतर फेरमूल्यांकन झाले आणि पूर्वीपेक्षा कित्येक पटींनी मोठी रक्कम ठरली.

मोठी रक्कम देणे शक्य होते, हे शासनाच्याच फेरमूल्यांकनाने सिद्ध झाले. मग ते वेळेवर का झाले नाही? दोष त्या वृद्ध शेतकऱ्याचा नव्हता. हरकत, मुदत आणि पुरावा यांची वाट त्याला दाखवून देणे ही व्यवस्थेची जबाबदारी होती. कोणत्याही शेतकऱ्याने जीव द्यावा असे यात काहीही नाही. वाट असते, ती वेळेत ठाऊक असावी लागते. ती वाट अशी आहे.

पहिली गोष्ट, नोंद. झाडे, विहीर, पाइपलाइन, ठिबक संच यांची नोंद संयुक्त मोजणी व पंचनाम्यात झालीच पाहिजे. सात-बारावर पीकपाहणीत फळझाडे दिसली पाहिजेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात झाडांचे मूल्य ठरविण्यासाठी फलोत्पादनातील जाणकाराची मदत घेण्याची तरतूद कलम २९ मध्ये आहे. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये. काही राहिले असल्यास तेथेच लिहून द्यावे आणि प्रत मागावी.

दुसरी गोष्ट, रक्कम घेताना लिहावयाचे शब्द. रक्कम कमी वाटत असेल तर ती नाकारण्याची गरज नाही. मात्र पावतीवर "हरकत राखून रक्कम स्वीकारली" असे स्पष्ट लिहावे. कलम ७७ प्रमाणे हरकत न नोंदवता रक्कम घेणाऱ्यास वाढीव मोबदल्याचा अर्ज करण्याचा अधिकार राहत नाही. १८९४ च्या जुन्या कायद्यातही हीच तरतूद होती. चार शब्द न लिहिल्याने कित्येकांचा हक्क गेलेला मी कागदोपत्री पाहिला आहे.

तिसरी गोष्ट, मुदत. निवाड्याच्या वेळी आपण हजर असाल तर कलम ६४ प्रमाणे सहा आठवड्यांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. गैरहजर असाल तरी नोटीस हाती पडताच दिवस मोजू लागावे.

चौथी गोष्ट, शेजाऱ्याचा निकाल. त्याच अधिसूचनेतील दुसऱ्या शेतकऱ्यास प्राधिकरणाने वाढीव मोबदला दिला, तर ज्याने स्वतः अर्ज केला नव्हता तोही कलम ७३ प्रमाणे त्या निवाड्यापासून तीन महिन्यांत तसाच मोबदला मागू शकतो. म्हणून गटातील शेतकऱ्यांनी एकमेकांच्या निकालांची खबर ठेवावी.

लक्षात ठेवा, जमीन साध्या खरेदीखताने थेट विकली तर वाढीव मोबदल्याचे हे मार्ग लागू होत नाहीत. तेथे जो आकडा लिहिला तोच शेवटचा.

भाडेपट्टा : आजचा तीन टक्के, उद्याचा किती?

आता पुष्कळ ठिकाणी जमीन विकत न घेता भाड्याने मागतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये २०२३ साली हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ असा आधार धरला आहे. कोरडवाहू, मुरमाड जमिनीला हे उत्पन्न वाईट नाही. तरी एक हिशेब माझ्यासोबत करून पाहा.

१ लाख २५ हजारांवर दरवर्षी तीन टक्के वाढ धरली, तर पंचविसाव्या वर्षी भाडे सुमारे २ लाख ५४ हजार होते. रक्कम दुप्पट झाली म्हणून बरे वाटते. पण महागाई दरवर्षी सहा टक्के धरली, तर आज सव्वा लाखाला मिळणाऱ्या वस्तूंना तेव्हा ५ लाखांहून अधिक लागतील. म्हणजे त्या भाड्यात आजच्या निम्मा बाजार येईल. जमीन तीच, तिच्यावर पडणारे ऊनही तेवढेच, परंतु मुलाच्या हाती येणारे भाडे बापाच्या निम्मे. योजनेबाहेर एखादी कंपनी थेट करार करू पाहत असेल तर वाढीच्या टक्क्यावर घासाघीस करण्यास पूर्ण वाव असतो. केळीच्या भावात आपण रुपया-रुपयासाठी बोलतो, मग पंचवीस वर्षांच्या करारात गप्प का बसावे?

करारावर सही करण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत :

१) करार दुय्यम निबंधकाकडे नोंदविला जाणार आहे काय? एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणे कायद्याने आवश्यक आहे. साध्या मुद्रांक कागदावरच्या करारावर विसंबू नये.

२) भाडे कोणत्या तारखेपासून सुरू होते? सहीपासून की वीजनिर्मिती सुरू झाल्यापासून? "निर्मितीपासून" असे असेल आणि प्रकल्प रखडला, तर जमीन अडकते आणि हाती काही येत नाही.

३) भाडे थकले तर किती महिन्यांनी करार रद्द करता येतो?

४) कंपनीने आपला हक्क दुसऱ्या कंपनीला दिला तर आपली संमती लागते काय? आपल्या जमिनीवर बोजा चढविण्याचा अधिकार तिला दिला आहे काय?

५) मुदत संपल्यावर पत्रे, खांब व सिमेंटचे पाये कोण काढणार, आणि तो खर्च कोणत्या ठेवीतून होणार?

६) वाद झाल्यास तो कोठे चालणार? धुळ्याच्या शेतकऱ्यास दिल्लीला जाणे परवडत नाही, हे लिहिणाऱ्यास ठाऊक असते.

७) विहीर, शिवरस्ता व पावसाच्या पाण्याचा निचरा मोकळा राहणार काय?

आदिवासी बांधवांची जमीन असेल तर जास्तच सावध राहावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे अशी जमीन बिगर-आदिवासीस विक्रीने किंवा भाडेपट्ट्यानेही परवानगीशिवाय देता येत नाही. कसत असलेली वनजमीन असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावा आधी पाहावा.

शेतातून जाणारे मनोरे

वीज तयार झाली की ती वाहून न्यावी लागते. उच्चदाब वाहिनीच्या मनोऱ्यासाठी जमीन संपादित होत नाही, ती आपल्या नावावरच राहते. १८८५ च्या तार कायद्यातील अधिकार वीज कायद्याच्या कलम १६४ द्वारे वापरले जातात, म्हणून केवळ "परवानगी देत नाही" म्हणून काम थांबत नाही. परंतु नुकसानभरपाई द्यावीच लागते आणि ती अपुरी असल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. केंद्र शासनाने २०१५ साली मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीसाठी मूल्याच्या ८५ टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के भरपाईची मार्गदर्शक तत्त्वे दिली. जून २०२४ मध्ये ही टक्केवारी अनुक्रमे २०० व ३० करण्यात आली. राज्याचा त्या वेळी लागू असलेला शासन निर्णय प्रांत कार्यालयातून मागून घ्यावा आणि त्याप्रमाणे आकडा तपासावा. पिकाचे नुकसान हे वेगळे असते. त्याचा पंचनामा काम सुरू असतानाच करून घ्यावा.

जेथे सुनावणी नाही तेथे ग्रामसभा

कोळशाचा प्रकल्प यावयाचा असेल तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. सौर प्रकल्पास मात्र या अधिसूचनेखालील मंजुरीची गरज नाही. हेतू चांगला आहे, स्वच्छ विजेला अडथळे नकोत. पण परिणाम असा होतो की शेकडो एकरांचा प्रकल्प गावात येतो आणि गावाला एकत्र बसून बोलण्याची एकही सक्तीची जागा उरत नाही. गुराखी, भूमिहीन मजूर, वाटेकरी यांचे नाव कोणत्याच करारात नसते. पडीक म्हणून दाखविलेल्या जमिनीवर त्यांची गुरे चरत असतात. म्हणून ग्रामसभेने स्वतःहून विषय घ्यावा, प्रकल्पाचा आराखडा मागावा, ठराव लिहावा. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या हाती आहेच.

२१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्षी आणि विजेच्या तारा यांच्या प्रकरणात असे म्हटले आहे की, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणे हा नागरिकाचा हक्क घटनेच्या कलम १४ व २१ मधून निघतो. निकाल मोठा आहे. पण मोठ्या निकालाचे पाणी आपल्या वाफ्यापर्यंत येण्यासाठी मधले पाट कोणीतरी खोदावे लागतात. नियमावलीतील शब्द, आयोगापुढील हरकत, करारातील अट हे ते पाट आहेत. माझ्यासारख्यांचे काम ते आहे.

आपल्या मुलामुलींसाठी

शेवटी एक विनंती. आपली हुशार मुले अभियंते आणि डॉक्टर व्हावीत असे आपल्याला वाटते. एखाद्या मुलाने किंवा मुलीने कायद्याकडे वळावे असेही वाटू द्या. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे. राज्याची प्रवेश परीक्षा असते. राष्ट्रीय विधी विद्यापीठे आता मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथेही आहेत, त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी असते. जळगाव-धुळ्यातही विधी महाविद्यालये आहेत. कृषी पदवीधरास तर मी विशेष आग्रह करीन. ज्याला माती, पाणी व पीक कळते आणि कायदाही वाचता येतो, अशी माणसे फार थोडी आहेत.

या कामात पैसा मोठ्या वकिलीइतका नाही, हे लपवीत नाही. सुरुवातीची वर्षे ओढाताणीची जातात. दोनशे पानांच्या आदेशातील एक ओळ शोधण्यात आठवडा जातो आणि कोणाला त्याचे कौतुक नसते. इंग्रजीची भीती वाटते. मलाही वाटत होती, कोश घेऊन बसले की ती जाते. मात्र एखाद्या नियमातील शब्द आपल्या हरकतीमुळे बदलला की हजारो शेतकऱ्यांच्या बिलात किंवा मोबदल्यात फरक पडतो. त्यांना आपले नाव कधी कळत नाही, कळण्याची गरजही नाही.

तोपर्यंत प्रत्येक गावाने एवढे करावे. वाचणारे दोन तरुण आणि कचेरीचा अनुभव असलेला एक ज्येष्ठ असे तिघे निवडावेत. वीज किंवा जमिनीचा कोणताही कागद आला की सही करण्यापूर्वी आठ दिवस तो या तिघांकडे राहील, असा गावाचा नियम करावा. "आजच सही करा, उद्या दर कमी होईल" असे म्हणणाऱ्यास हात जोडून आठ दिवसांनी बोलवावे. व्यवहार खरा असेल तर तो माणूस नक्की परत येईल.

पत्र्याची पेटी घरोघरी आहे. आज घरी गेल्यावर ती उघडावी. सात-बारा, मोजणीचा नकाशा, वीजजोडणीचा अहवाल आणि पावत्या एका पिशवीत नीट लावून ठेवाव्यात. माझ्या वडिलांना त्यातल्या एका कागदाने न्याय दिला. आपल्यालाही कोणत्या दिवशी कोणता कागद उपयोगी पडेल, हे आज सांगता येत नाही.